ऊन फुकट, शांतता महाग

उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात झालेली बेकायदा वृक्षतोड आणि बांधकामे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी दिलेला निकाल केवळ त्या राज्यापुरता नाही. देशातील सर्व व्याघ्र प्रकल्पांमधील पर्यटनाला त्याने नवी चौकट घालून दिली. रात्रीच्या पर्यटनाला मनाई आणि गाभा क्षेत्रातील पर्यटन विभागात मोबाइलच्या वापरावर बंदी या दोन गोष्टींची चर्चा पुष्कळ झाली. त्याच निकालात आणखी एक आदेश आहे. व्याघ्र प्रकल्पांभोवतीचे संपूर्ण पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र ध्वनिप्रदूषण नियमांनुसार ‘शांतता क्षेत्र’ म्हणून घोषित करावे, असे न्यायालयाने बजावले आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. वाचताना हा आदेश साधा वाटतो. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात मात्र त्याचे अर्थ अनेक आहेत, आणि ते एकमेकांशी जुळणारे नाहीत.

हा जिल्हा जंगलांच्या मधोमध वसला आहे. पूर्वेकडे नागझिरा, शहरापासून जवळच कोका, दक्षिणेला पवनीच्या बाजूने उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नागझिऱ्याचा मोठा भाग कागदोपत्री तिकडे गेला. तरी साकोलीवरून पिटेझरीच्या दरवाजाने आत शिरणाऱ्या पर्यटकासाठी नागझिरा अजूनही भंडाऱ्याचाच आहे. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. कोका त्यातच येते. जंगलाबाहेरही तंबू ठोकण्याजोग्या जागांची वाण नाही: चांदपूरचा जलाशय, रावणवाडीचे धरण, आंबागडचा पायथा, गोसीखुर्दच्या अथांग पाण्याचे काठ. नागपूरच्या माणसाला शनिवारी दुपारी निघून रविवारी रात्री घरी परतता येईल, इतक्या अंतरावर हे सारे आहे.

नागझिऱ्याची एक खास ओळख होती. तेथील विश्रामगृहांत वीज नव्हती. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’ने आणि मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाने मराठी वाचकाला या परिसराची जी ओढ लावली, तिच्यात या अंधाराचा वाटा मोठा होता. पुढे सौरदिवे आले, पण तेही गरजेपुरतेच. विजेचा अभाव ही गैरसोय होती, हे खरेच. तरी तोच जंगलाचा एक न नेमलेला पहारेकरीही होता. टेपरेकॉर्डर आणले तरी सेल संपत. मोटारीची बॅटरी उतरली तर परत कसे जायचे, ही धास्ती असे. गोंगाटाला इंधनच मिळत नसे. नियम जे काम अर्धवट करी, ते ही अडचण पुरे करून टाकी.

हा पहारेकरी आता उठून गेला आहे. घडीचे सौरपॅनेल, पॉवर बँक आणि ब्लूटूथ स्पीकर असा संच आज कोणत्याही ऑनलाइन बाजारात मध्यमवर्गीय कुटुंबाला सहज परवडेल अशा किमतीत मिळतो. ‘कॅम्पिंगसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंत त्याला मानाचे स्थान आहे. जाहिरातीत डोंगरमाथा, तंबू आणि दगडावर ठेवलेला स्पीकर हे चित्र ठरलेले. या संचाचे गणित तपासले तर दोन निष्कर्ष निघतात, आणि त्यांतील दुसरा अधिक महत्त्वाचा आहे.

पहिला निष्कर्ष ग्राहकाच्या फसगतीचा. दहा हजार मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक म्हणजे सुमारे ३७ वॉट-तास ऊर्जा. तिच्या झाकणावर जी तळहाताएवढी सौरपट्टी चिकटवलेली असते, ती कडक उन्हात एक-दीड वॉट देते. गळती धरली तर बँक पूर्ण भरायला तीस तासांहून अधिक कडक ऊन हवे. दिवसाला पाच-सहा तास चांगले ऊन धरले, तरी पाच-सहा दिवस लागतील. दोन दिवसांच्या सहलीत ही पट्टी जवळजवळ शोभेची. वीस वॉटचे घडीचे पॅनेल मात्र खरोखर उपयोगाचे असते. प्रत्यक्षात बारा-चौदा वॉट मिळाले तरी तीन-चार तासांत तेवढीच बँक भरते.

त्यातही विदर्भाचे ऊन फसवे आहे. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के उत्पादन घटते. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की पॅनेलचा काळा पृष्ठभाग सहज ६५ अंशांवर जातो, आणि उत्पादनाचा सहावा हिस्सा उष्णतेतच विरतो. लिथियमची बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असा दंडक आहे. चांगले उपकरण अशा वेळी स्वतःहून थांबते, स्वस्तातले थांबत नाही. जीपच्या बॉनेटवर पॉवर बँक उन्हात ठेवून सफारीला निघून जाणे हा फुगलेल्या बॅटरीला आमंत्रण देण्याचाच प्रकार. उलट हिवाळ्यात ऊन सौम्य असते, पण ऐन, बिजा, धावडा, तेंदू आणि बांबू यांच्या सावलीत पॅनेलचा कोपरा जरी झाकला गेला तरी साखळीतील बाकीच्या सेलचाही प्रवाह अडतो. पावसाळ्यात तर प्रश्नच मिटतो. ढगाळ दिवशी उत्पादन मूळच्या लहानशा हिश्शावर येते, आणि तसेही जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्राचे दरवाजे बंदच असतात.

दुसरा निष्कर्ष असा की, या साऱ्या उपकरणांत सर्वांत कमी भूक स्पीकरची असते. आजच्या फोनच्या बॅटरीत एकोणीस-वीस वॉट-तास मावतात. हातात मावणारा स्पीकर दहा वॉट-तासांच्या बॅटरीवर मध्यम आवाजात आठ-दहा तास चालतो. म्हणजे घडीच्या पॅनेलला मिळालेले तासाभराचे ऊन रात्रभराच्या गाण्यांना पुरते. फोन, कॅमेरा, दिवा यांच्यासाठी ऊर्जा मोजून वापरावी लागते. गोंगाटासाठी मोजावी लागत नाही. सौरऊर्जेने जंगलात काय स्वस्त केले, याचे उत्तर या एका वाक्यात आहे.

आवाजाचेही मापन करता येते. एक मीटरवर ८५ डेसिबल आवाज देणारा स्पीकर काही फार मोठा नव्हे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. त्या हिशेबाने दहा मीटरवर ६५ आणि शंभर मीटरवर ४५ डेसिबल उरतात. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल आहे. याचा अर्थ जलाशयाच्या काठावरील एक साधा स्पीकर पावणेदोनशे मीटरपर्यंत रात्रीची मर्यादा ओलांडतो. झाडी उच्च स्वर शोषून घेते. ढोलाचा ठेका मात्र दूर जातो. पाण्यावरून तर तो अधिकच सरकतो, आणि हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगत थंड हवेचा थर बसला की आवाज वर न जाता खालीच वळतो. डिसेंबरात, म्हणजे सहलींच्या ऐन हंगामात, जंगल सर्वांत लांबवरचे ऐकते.

पण प्राण्यांना त्याने खरोखर काही होते काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायला प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. भंडाऱ्याचा धान उत्पादक शेतकरी ते रोज देतो. जंगलाला लागून असलेल्या धानाच्या बांध्यांत रानडुकरांचा कळप एका रात्रीत पीक लोळवून टाकतो. पूर्वी माणसे मचाणावर बसून जागल करीत, डबे वाजवीत, आरोळ्या ठोकीत. आता कित्येक शेतांत काठीला एक लहानसा भोंगा बांधलेला दिसतो. त्यात माणसांच्या हाकाऱ्याचा वा कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज भरलेला असतो आणि तो रात्रभर तेच तेच घोकत राहतो. काही भोंगे वीजजोडणीवर चार्ज होतात, काही सौरपट्टीवर. वस्तू तीच: बॅटरी, स्पीकर आणि ऊन. एक माणूस ती प्राणी यावेत म्हणून आलेल्या सहलीत वाजवतो आणि दुसरा तीच वस्तू प्राणी येऊ नयेत म्हणून वाजवतो. दोघांपैकी निदान एकाचा समज चुकीचा असला पाहिजे, आणि तो शेतकऱ्याचा नाही.

विज्ञानही शेतकऱ्याच्याच बाजूने आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगरच्या परिसरात पाणवठ्यांवर स्वयंचलित कॅमेरे आणि स्पीकर लावून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. लिआना झॅनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांना सिंहाची गुरगुर, बंदुकीचे बार, शिकारी कुत्र्यांचे भुंकणे आणि माणसांचे साधे बोलणे आलटूनपालटून ऐकविले. बोलणे म्हणजे आरडाओरडा नव्हे, तर शांत आवाजातील संभाषण. तरीही जिराफापासून बिबट्यापर्यंत अभ्यासलेल्या १९ जातींपैकी जवळजवळ सर्वांनी सिंहापेक्षा माणसाची अधिक धास्ती घेतली. सिंहाच्या वा शिकारीच्या आवाजाच्या तुलनेत मानवी आवाजाने प्राणी पळून जाण्याची शक्यता दुप्पट होती, आणि त्यांनी पाणवठा ४० टक्के अधिक वेगाने सोडला. अमेरिकेतील वायोमिंगच्या जंगलात पदभ्रमण करणाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या आवाजांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा रोखही हाच आहे. उन्हाळ्यात नागझिऱ्यातील वा कोक्यातील सांबराने एक पाणवठा सोडला, तर दुसरा किती अंतरावर आहे याला महत्त्व येते.

दोष केवळ मौजमजेसाठी येणाऱ्यांचा आहे, असे म्हणून निसर्गप्रेमींना हात झटकता येणार नाहीत. पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी विणीसाठी विदर्भाच्या जंगलांत येतो. त्याची शीळ स्पीकरवर वाजवून त्याला उघड्यावर बोलावणे आणि छायाचित्र टिपणे हा प्रकार छायाचित्रकारांत नवा नाही. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी आला या समजुतीने पक्षी घरटे सोडून धावत येतो. घुबडांच्या बाबतीतही तेच घडते. येथे आवाज मोठा नसतो, पण तो त्या पक्ष्यालाच उद्देशून असतो. डेसिबल मोजणाऱ्या यंत्राला हा अपराध दिसत नाही.

पर्यटनाचा उत्साह कोठवर जातो, याचे उदाहरण फार लांब शोधावे लागत नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांच्या गराड्यात सापडले. त्याची दृश्ये सर्वत्र पसरली. वनखात्याने चालक आणि मार्गदर्शकांवर कारवाई केली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. हे घडले ते दरवाजावर नोंद झालेल्या, मार्गदर्शक सोबत असलेल्या गाड्यांकडून. ज्या ठिकाणी ना दरवाजा आहे ना मार्गदर्शक, तेथील परिस्थितीची कल्पना यावरून करता येईल.

खरी अडचण तेथेच आहे. स्पीकर वाजतात ते बहुधा गाभा क्षेत्रात नव्हे. तेथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे, प्रवेश परवान्याने मिळतो, वनरक्षक अडवू शकतो. तंबू लागतात ते बफरमध्ये, खासगी रिसॉर्टच्या आवारात, पाटबंधारे खात्याच्या जलाशयांकाठी. या जागा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात आल्या, तर शांतता क्षेत्राचा नियम तेथे लागू होईल. हा नियम वाटतो त्याहून कडक आहे. शांतता क्षेत्रात संगीत वाजविणे वा ध्वनिवर्धक वापरणे हाच भंग ठरतो. त्यासाठी डेसिबल मोजावे लागत नाहीत. पर्यावरण संरक्षण अधिनियमातील तुरुंगवासाची तरतूद जनविश्वास कायद्याने काढून टाकली असली, तरी १ एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंडाची तरतूद तिच्या जागी आली आहे. मात्र या नियमांखालील ‘प्राधिकारी’ म्हणजे जिल्हादंडाधिकारी, पोलीस आयुक्त किंवा नियुक्त केलेला, पोलीस उपअधीक्षकाहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी. रात्री अकरा वाजता जलाशयाच्या काठी पोहोचणार तो वनरक्षक, आणि त्याच्या हाती या नियमाचे अधिकार नाहीत. सरकारने वनाधिकाऱ्यांना तसे प्राधिकृत केल्याशिवाय हे क्षेत्र नकाशावरच शांत राहील.

आणि प्राधिकृत केल्यावर कारवाई प्रथम कोणावर होईल? हा प्रश्न अधिक अवघड आहे. संवेदनशील क्षेत्रात गावे आहेत. दिवाळीनंतर या भागात झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. गडचिरोलीतील वडसा हे तिचे मुख्य केंद्र असले, तरी भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या गावागावांत मंडप उभे राहतात, दिवसा शंकरपट आणि रात्रभर नाटक असा बेत असतो. दंडारीची परंपरा त्याहूनही जुनी. नाटकाला ध्वनिवर्धक लागतोच. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राज्य सरकार वर्षातील काही सणवारांना रात्री १० ते १२ अशी सवलत देऊ शकते. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानुसार ती सवलत शांतता क्षेत्राला लागू होत नाही. लग्नाच्या वरातीची तीच गत. आणि काठीला बांधलेला तो भोंगाही नियमाच्या शब्दांत ध्वनिवर्धकच ठरतो. गावाचा मंडप एका जागी असतो, सर्वांना दिसतो, त्याच्या आयोजकाचे नाव पोलीस पाटलाला ठाऊक असते. पर्यटकाचा स्पीकर पिशवीत असतो आणि रविवारी संध्याकाळी नागपूरला परततो. कारवाईची सोय पाहणारी यंत्रणा कोणाकडे वळेल, हे सांगायला भविष्यवेत्ता नको.

यात गावांचा राग ओढवून घेणे वन्यजीवांनाही परवडणारे नाही. रानडुकराने पीक लोळवले, वाघाने गाय मारली, तरी जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसाने संयम राखावा, अशी अपेक्षा गेली अनेक वर्षे केली जाते. राज्याने २०१५ मध्ये सुरू केलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून शेतांना सौरकुंपणासाठी अनुदान दिले जाऊ लागले, त्यामागेही हाच विचार होता. सौरकुंपण बोलत नाही. ते सौम्य झटका देते आणि जनावर मागे फिरते. भोंग्याची गरज कमी करायची असेल, तर मार्ग बंदीचा नव्हे, या कुंपणांचा विस्तार करण्याचा आहे. कुंपणाची बॅटरी बदलायला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पैसे कोण देणार, हा प्रश्न त्यात अर्थातच येतो.

सौरउपकरणांनाच खलनायक ठरविणे हा तर शुद्ध अन्याय होईल. जंगलाच्या आतील संरक्षण कुटीत राहणाऱ्या वनमजुराचा दिवा, बिनतारी संचाची बॅटरी, गस्तीची नोंद ज्या फोनवर होते तो फोन, हे सारे उन्हावर चालते. व्याघ्र प्रकल्पांत गस्तीच्या नोंदीसाठी २०१० पासून ‘एम-स्ट्राइप्स’ ही प्रणाली आली, आणि तेव्हापासून चार्ज असलेला फोन हे वनरक्षकाच्या काठीइतकेच आवश्यक साधन झाले. उन्हाळ्यात पाणवठ्यांवर पाणी उपसणारे सौरपंप डिझेलच्या पंपाची धडधड टाळतात. म्हणजे जेथे सौरऊर्जेने आवाज कमी केला, अशीही उदाहरणे या जंगलांतच आहेत. मुक्कामाला आलेल्या पर्यटकाने दिवा आणि फोन उन्हावर चालवला तर रिसॉर्टचा जनरेटर तेवढा कमी वेळ धडधडेल. घडीच्या पॅनेलविषयी कोणाची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या दुसऱ्या टोकाला जोडलेल्या एका वस्तूची.

त्या वस्तूचा आणखी एक भाग सहसा नजरेआड राहतो. स्वस्त स्पीकर चिकटवून बंद केलेला असतो. त्यातील बॅटरी दोन-तीन वर्षांत दमली की सारी वस्तूच टाकून द्यावी लागते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ मध्ये उत्पादकावर परत घेण्याची जबाबदारी टाकली आहे. परंतु साकोली वा तुमसरमध्ये अशी बॅटरी नेमकी कोणाकडे द्यायची, हे सामान्य ग्राहकाला सांगणारे कोणी नाही. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे, असा दंडक घातला आहे. भारतात तसा नियम नाही.

उपाय फारसे खर्चिक नाहीत. गाभा क्षेत्राच्या दरवाजावर मोबाइल जमा होणार असतील, तर त्याच कपाटात स्पीकरही मावतो. बफरमधील मुक्कामाच्या आरक्षणाच्या पावतीवर ध्वनिवर्धकाची अट छापता येते आणि तिच्या पालनाची जबाबदारी रिसॉर्टचालकावर टाकता येते. पाटबंधारे खात्याला आपल्या जलाशयांकाठी तेच करता येईल, विशेषतः गोसीखुर्दवर जलपर्यटनाच्या योजना आकार घेत असताना. ज्याला गाणी ऐकायचीच आहेत, त्याच्या कानात घालायची वस्तू स्पीकरहून हलकी आणि उन्हाची आणखी कमी भुकेली असते. गावांसाठी मात्र वेगळा विचार हवा. शांतता क्षेत्राची सीमा गावठाणे वगळून आखता येईल काय, नाटकांच्या ठरावीक रात्रींना मुभा देण्यासाठी राज्याने न्यायालयाकडे जावे काय, हे प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवूनच सोडवावे लागतील. दरवाजे १ ऑक्टोबरला उघडतात आणि पर्यटकांचा मोठा ओघ दिवाळीत सुरू होतो. झाडीपट्टीचे मंडपही त्याच सुमारास उभे राहतात. कोणत्या गावात किती रात्री नाटक आहे, याची यादी पोलीस ठाण्यांकडे असते. कोणत्या तंबूत कोणता स्पीकर आहे, याची नोंद ठेवणारी वही अजून कोणी उघडलेली नाही.